संध्याकाळचा एक तास

छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या रस्त्याला लागलं की पैठण तालुक्यातलं पाचोड लागतं. मोसंबीच्या बाजारामुळे हे गाव मराठवाड्यात सर्वांना माहीत आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी मंडळी मात्र पाचोडचं नाव वेगळ्या कारणासाठी घेतात. इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’ या संस्थेनं गेल्या शतकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांत लग्न न झालेल्या मुलींसाठी एक वर्ग सुरू केला. मुली १२ ते १८ वयाच्या. बहुतेक जणींची शाळा सुटलेली, दिवसभर शेतात नाहीतर घरकामात अडकलेल्या. म्हणून वर्ग संध्याकाळी, रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस आणि तो पूर्ण वर्षभर. अभ्यासक्रम एकूण २२५ तासांचा. शिकवायला शहरातून कुणी येणार नव्हतं. त्याच गावातली, निदान सातवीपर्यंत शिकलेली बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचं आणि तिच्या हाती वर्ग सोपवायचा.

या वर्गाचं मूल्यमापन वॉशिंग्टनच्या ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संस्थेबरोबर झालं. जिथे वर्ग चालला त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण ८०.७ टक्के होतं, ते ६१.८ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी घेतलेल्या, वर्ग नसलेल्या भागात असा फरक पडला नाही. ज्या मुलींनी वर्ग पूर्ण केला त्यांच्या मानानं वर्ग न मिळालेल्या मुलींचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट होती.

एका वर्षानं काय होतं, असं शहरात बसून वाटू शकतं. पण सोळाव्या वर्षी नांदायला जाणं आणि सतराव्या किंवा अठराव्या वर्षी जाणं यांत फार अंतर आहे. तेवढ्या अवधीत शरीर पहिल्या बाळंतपणाला थोडं अधिक तयार होतं, दहावी पदरात पडू शकते आणि नवऱ्याचं घर सोडायची वेळ आलीच तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, याची जाण येते. स्त्रिया आणि मुलींवरची हिंसा थांबवायच्या कार्यक्रमांविषयीची ही प्रस्तावना लग्नाच्या वयापासून सुरू होते, ती म्हणूनच. मारझोड, उपासमार, हुंडा, जबरदस्ती या सगळ्यांशी मराठवाड्यातल्या मुलीची गाठ बहुतेकदा त्या एका तारखेनंतर पडते. ती तारीख किती पुढे ढकलली जाते, हे हिंसेच्या प्रश्नातलं पहिलं आणि मोजता येईल असं काम आहे.

आता पाचोडच्या वर्गाकडे थोडं जवळून पाहिलं पाहिजे, कारण आकड्यांपेक्षा त्याच्या रचनेत शिकण्यासारखं जास्त आहे.

या पट्ट्यात लेक लवकर उजवण्यामागे आई-बापांचं अज्ञान आहे, असं भाषणात सांगितलं जातं. ते खरं नाही. अठरा वर्षांचा कायदा गावात सर्वांना माहीत असतो. म्हणूनच तर पत्रिकेवर वय लिहीत नाहीत आणि लग्न परगावी नेऊन उरकतात. आई-बापांचा हिशेब वेगळा असतो. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळीच्या पुढेमागे कोयत्यावर निघायचं असतं आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात पालावर काढायचे असतात. पंधरा वर्षांच्या पोरीला गावात एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बरोबर न्यावं तर पालाला दार नाही. तिचं लग्न लावलं की जोखीम दुसऱ्या घरी जाते. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे नवऱ्या मुलालाही जोडीदारीण हवीच असते. त्यात ‘वय वाढलं की हुंडा वाढतो’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. या हिशेबात कुठेही न बसणारी पथनाट्यं आणि फलक कितीही चांगले असले तरी आई-बाप ते पाहतात, टाळ्या वाजवतात आणि सोयरीक जुळवायला जातात.

पाचोडकरांनी या हिशेबाशी वाद घातला नाही, त्यात एक नवी रक्कम मांडली. कार्यक्रम आखतानाच पालकांना बरोबर घेतलं. वर्ग कुठे भरणार, कोण शिकवणार, पोर घरी किती वाजता येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मुलगी गावातल्या गावात, ओळखीच्या बाईजवळ, रोज ठरलेल्या वेळी जाते, हे पाहून बापाची धास्ती थोडी कमी होते. वर्गात आरोग्य, आहार, बालसंगोपन होतं. त्याबरोबर पंचायत कशी चालते, बँक आणि पोस्टात काय असतं, अशा गोष्टींची ओळखही होती. वर्षभरात मुलगी घरात बोलू लागते. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवते, धाकट्या भावाला लस कधी द्यायची ते सांगते. घरात जिच्या शब्दाला थोडी किंमत आली आहे, ती ‘एवढ्यात नको’ म्हणते तेव्हा ते निदान ऐकून घेतलं जातं. हे एका मेळाव्यात होत नाही. त्यासाठी २२५ संध्याकाळ लागतात.

या प्रयोगाच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणानं मांडायला हव्यात. वर्ग पूर्ण करणाऱ्या मुलींची घरं आधीच थोडी पुढारलेली असू शकतात. त्यांची लग्नं उशिरा झाली याचं सगळं श्रेय वर्गाला देता येत नाही. म्हणूनच त्या भागातल्या एकूण लग्नांचा आकडा आणि तुलनेच्या भागाचा आकडा एकमेकांशेजारी ठेवणं महत्त्वाचं होतं, आणि ते केलं गेलं. दुसरी गोष्ट, कार्यक्रमानंतरही दहापैकी सहा लग्नं अठराच्या आतच होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित स्त्रियांना विचारलं, तेव्हा अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात ते एक तृतीयांशाच्या वर होतं, परभणीत तर ४८ टक्के. औरंगाबाद जिल्ह्यातल्याच एका गावात उपाय सापडला होता. तो जिल्ह्याचा कार्यक्रम झाला नाही.

का झाला नाही, याचं एक उत्तर पैसे कुठे जातात त्यात आहे. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा हिशेब संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीनं तपासला. समितीच्या अध्यक्ष होत्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित. डिसेंबर २०२१ मध्ये मांडलेल्या अहवालात समितीनं नोंदवलं की २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रसारमाध्यमांतून केलेल्या प्रचारावर खर्च झाली. घोषणा घराघरांत पोचली, यात शंका नाही. पण संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या बाईचं मानधन प्रचाराच्या खर्चातून निघत नाही.

पाचोडहून परत शहरात येऊ. घाटी रुग्णालयात.

घाटी म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. महाविद्यालय १९५६ सालचं. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून आणि शेजारच्या विदर्भ-खानदेशातूनही रुग्ण इथे येतात. ‘घाटीत नेलं’ एवढं म्हटलं की दुखणं किती गंभीर आहे ते ऐकणाऱ्याला कळतं. हिंसा सोसणारी बाई पोलीस ठाण्याची पायरी चढेलच असं नाही, वकिलाकडे तर बहुधा जाणारच नाही. दवाखान्यात मात्र ती येते. हात मोडला म्हणून, तिसऱ्यांदा गर्भ राहिला नाही म्हणून, कशानंच न थांबणारं डोकं दुखतं म्हणून, किंवा ‘चुकून औषध पोटात गेलं’ म्हणून. केसपेपरवर ‘बाथरूममध्ये घसरून पडली’ अशी ओळ लिहिली जाते, प्लास्टर घातलं जातं आणि ती त्याच घरी परत जाते. डॉक्टर वाईट नसतो. त्याला हाड जोडायला शिकवलेलं असतं. दंडावर चार बोटांचे वळ उमटलेत, ते घसरण्यानं उमटत नाहीत, हे पाहिल्यावर काय विचारायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

मुंबईच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते या शतकाच्या अगदी सुरुवातीला. सरकारी रुग्णालयाच्या आत, इतर विभागांसारखाच एक विभाग म्हणून हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी समुपदेशन सुरू करण्याचा देशातला तो पहिला प्रयोग. पुढे ‘सेहत’नं वैद्यकीय शिक्षण संचालनालयाला बरोबर घेऊन राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांबरोबर काम केलं. उद्देश असा, की एमबीबीएसच्या मुलांना स्त्रीरोग, न्यायवैद्यक, मनोविकार असे विषय शिकतानाच हिंसा ओळखायला शिकवावं. त्यात औरंगाबादचं महाविद्यालय होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये स्त्रियांवरील हिंसेबाबत आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या मोठ्या, गर्दीच्या सरकारी रुग्णालयात प्रत्यक्ष कशा उतरतात, हे तपासण्यासाठी जी रुग्णालयं निवडली गेली त्यांत सांगली-मिरजेबरोबर औरंगाबादही होतं. डॉक्टर आणि परिचारिकांना प्रशिक्षण मिळालं, आणि प्रशिक्षणाआधी व नंतर त्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि वागणं यांची तुलना केली गेली.

त्या सूचनांमधली एक गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात घ्यावी अशी आहे. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट ‘नवरा मारतो का?’ असं विचारू नये, असं संघटना सांगते. खुणा दिसतात तिथे विचारावं, आणि विचारण्याआधी आपली तयारी असावी. एकांत हवा. सासू शेजारी उभी असताना ‘घरी सगळं ठीक ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येणार, आणि घरी गेल्यावर त्या प्रश्नाची किंमत बाईलाच मोजावी लागणार. तपासणीच्या खोलीतून नातेवाइकांना बाहेर थांबवणं डॉक्टरांच्या हातात आहेच. तोच एकांत वापरायचा. मग तिचं ऐकून घ्यायचं, तिला काय हवंय ते विचारायचं, तिच्यावर विश्वास आहे हे तिला कळू द्यायचं, आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का याचा तिच्याबरोबर विचार करायचा आणि पुढच्या आधाराशी गाठ घालून द्यायची. ‘सोडून दे त्याला’ हा सल्ला यात नाही, ‘सांभाळून घे’ हाही नाही. निर्णय तिचा. गर्दीच्या ओपीडीतली पाच मिनिटं नीट वापरली तर एवढं होऊ शकतं. पण त्यानंतर तिला ज्या खोलीत पाठवायचं तिथे समुपदेशक बसलेली हवी. खोलीला कुलूप असेल तर सगळं प्रशिक्षण वाया.

या देशात हिंसा सोसलेल्या दहापैकी जवळपास आठ स्त्रिया कधीच मदत मागत नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. हे त्याच पाचव्या सर्वेक्षणात नोंदलं आहे. मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. महाराष्ट्रात नवऱ्याकडून हिंसा झालेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. म्हणजे कायदे, हेल्पलाइन, दामिनी पथकं, २०१५ पासूनची ‘सखी’ वन स्टॉप सेंटर्स हे सगळं उभारून आपण मुख्यतः शंभरातल्या त्या चौदा जणींची सोय करतो. तीही हवीच, आणि ती आजही अपुरी आहे. पण उरलेल्यांपर्यंत जायचं तर त्या जिथे आधीच जातात तिथे जाऊन बसावं लागतं: दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, बचतगटाची बैठक, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांचं फाटक.

पोलीस ठाण्याच्या बाबतीतही महाराष्ट्रानं चाळीस वर्षांपूर्वी असाच विचार केला होता. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कक्ष पोलिसांच्या आवारात, पण आत बसणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. वर्दी आणि कायद्याचा धाक पाठीशी आणि समोर शांतपणे ऐकणारी बाई, अशी ही जोड होती. राज्य सरकारनं पुढे हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. देशात इतर राज्यांनीही तो नमुना उचलला.

पण इथेच एक धोका आहे, आणि तो मराठवाड्यात जागोजाग दिसतो. समुपदेशन म्हणजे समेट असं आपल्याकडे धरून चालतात. नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं, नवऱ्याकडून ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं लिहून घ्यायचं, बाईला ‘लेकरांकडे बघ’ म्हणायचं आणि प्रकरण निकाली काढायचं. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनं बांधाची, वाटणीची भांडणं गावात मिटवायला मोठा हातभार लावला, हे मान्य. मात्र मिटलेल्या तंट्यांच्या संख्येवर गावाची पाठ थोपटली जाऊ लागली, की बायकोची मारहाणही त्याच यादीत एक ‘मिटलेला तंटा’ होऊन बसते. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू उभ्या असतात. मारहाणीत एक जण मारतो आणि दुसरी मार खाते. कार्यक्रमाचं यश किती घरं ‘जोडली’ यावर मोजलं, तर बाईला त्याच घरात परत ढकलणं हेच यश ठरतं. मोजायचं तर सहा महिन्यांनी ती बाई कुठे आहे, मार थांबला का, तिच्या हातात पैसे आहेत का, हे मोजायला हवं. ते अवघड आहे. पण त्याला दुसरा पर्याय नाही.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. एखाद्या तालुक्यात चांगलं काम सुरू झालं की तक्रारी वाढतात. बायकांना विश्वास वाटू लागतो, त्या बोलतात, नोंद होते. अशा वेळी ‘गुन्हे वाढले’ म्हणून अधिकाऱ्याला जाब विचारला जातो, आणि पुढच्या वर्षी नोंदच कमी घ्यायची अशी शहाणी वाट धरली जाते. तक्रारींचा वाढता आकडा पहिल्या काही वर्षांत अपेक्षित असतो, हे कार्यक्रम मंजूर करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवायला हवं.

पुरुषांचं काय? हा प्रश्न महाराष्ट्रानं फार पूर्वी विचारला. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात आवाहन केलं: बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवे आहेत. २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही संघटना उभी राहिली आणि हरीश सदानी व त्यांच्या सोबत्यांनी कॉलेजच्या तरुणांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा दिवाळी अंक अनेक वाचकांच्या परिचयाचा असेल. २००८ पासून मुंबईच्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुला-मुलींना बरोबर बसवून समानतेचा अभ्यासक्रम चालवला गेला, त्यात ‘कोरो’ आणि टाटा समाजविज्ञान संस्था होत्या. ही कामं मोलाची आहेत, पण बहुतांश मुंबई-पुण्याच्या आसपास राहिली. पैठण, कन्नड, सोयगावच्या पोरांपर्यंत अजून पाचोडच्या वर्गासारखा वर्षभराचा, रोजचा, गावातल्याच माणसानं घेतलेला वर्ग पोचायचा आहे. मुलींना ‘नाही’ म्हणायला शिकवून मुलांना ते ‘नाही’ ऐकायला न शिकवणं, हे अर्धं काम झालं.

असं काम वस्तीच्या पातळीवर होऊ शकतं, याचा पुरावा युगांडातून आला आहे. कंपाला शहरात ‘सासा!’ नावाचा कार्यक्रम ‘रेझिंग व्हॉइसेस’ या संस्थेनं तयार केला. वस्तीतलेच स्त्री-पुरुष निवडून त्यांनी काही वर्षं गल्लीत, बाजारात, पाण्याच्या नळावर बोलत राहायचं. विषय हिंसेचा म्हणून काढायचा नाही, घरात सत्ता कुणाकडे आहे आणि ती कशी वापरली जाते असा काढायचा. वस्त्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून अभ्यास झाला. जिथे कार्यक्रम चालला तिथे वर्षभरात जोडीदाराकडून शारीरिक हिंसा झालेल्या स्त्रियांचं प्रमाण ५२ टक्क्यांनी कमी आढळलं. पाचोड आणि कंपाला यांच्यात एक समुद्र आहे, भाषा वेगळी, धर्म वेगळे. तरी दोन्हीकडे काम केलं ते गावातल्याच, वस्तीतल्याच माणसांनी, आणि दीर्घकाळ.

तो दीर्घकाळच आपल्याकडे मिळत नाही. २०१३ मध्ये केंद्रानं हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर केला, तेव्हापासून कॅमेरे, वाहनं, इमारती घेणं सोपं गेलं आहे, कारण त्या एका आर्थिक वर्षात घेता येतात. माणूस मात्र अकरा महिन्यांच्या करारावर घेतला जातो. समुपदेशकाचं पद रिकामं राहतं, संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसरे चार कार्यभार असतात. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो ग्रामसेवक. त्याला ज्या घरचं लग्न थांबवायचं त्याच घराची पाणीपट्टी वसूल करायची असते आणि त्याच गावात राहायचं असतं. त्याला कायद्यानं अधिकार दिला, पाठबळ दिलं नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचा हा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि तो कुठल्याही शिबिरानं भरून निघणार नाही.

तेव्हा पुढच्या पानांकडे वळणाऱ्या वाचकाला एक विनंती. आपण जिल्हा परिषदेत असाल, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीचं काम पाहत असाल, संस्थेच्या विश्वस्त मंडळात असाल किंवा नुसते ग्रामसभेला जाणारे नागरिक असाल. महिला सुरक्षेचा कुठलाही नवा कार्यक्रम आपल्यासमोर आला, की त्याचं बोधचिन्ह आणि उद्‌घाटनाची तारीख बाजूला ठेवा आणि अंदाजपत्रकाचं पान उघडा. गावातल्या शिक्षिकेचं वर्षभराचं मानधन आणि समुपदेशकाचा निदान तीन वर्षांचा पगार त्यात आहे का, ते पाहा. नसेल, तर सही करण्याआधी ते दोन्ही घालायला लावा.